पाण्यावरील स्की: साधनें आणि सोबती

कोणत्याहि खेळाची गोडी लागली म्हणजे मुलाचें लक्ष खेळापेक्षां खेळाच्या साधनांकडे आधीं जातें, हा अनुभव बहुतेक पालकांस आहे. क्रिकेटचा नाद लागला कीं बॅट नवी हवी. सायकलीचा लागला कीं ती शेजारच्या मुलाच्या सायकलीहून चकचकीत हवी. साधन हातीं आलें, पण यश आलें नाहीं, म्हणजे दोष पुन्हां साधनाच्याच माथीं बसतो. ‘नाचतां येईना, अंगण वाकडें’ ही म्हण आमच्या पूर्वजांनीं उगीच केलेली नाहीं. या वृत्तीचा विचार करण्यासाठीं आम्ही आज मुद्दाम असा एक खेळ निवडीत आहों, कीं जो आपल्याकडे फारसा रूढ नाहीं. कारण आपल्या घरच्या खोडीपेक्षां परक्या घरची खोडी माणसास लवकर दिसते, आणि ती एकदां दिसली म्हणजे आपली ओळखणें सोपें जातें.

हा खेळ म्हणजे पायांस स्की बांधून, धांवत्या मोटार-होडीस लावलेली दोरी हातीं धरून, पाण्याच्या पृष्ठभागावर घसरत जाण्याचा. मोबाइलच्या पडद्यावर त्याचीं चलच्चित्रें पुष्कळ विद्यार्थ्यांनीं पाहिलीं असतील. एका अरुंद फळीवर उभा असलेला खेळाडू जवळजवळ पाण्यावर आडवा होऊन वळतो, आणि त्याच्या मागें तुषारांची भिंत उभी राहते. पाहणाऱ्यास त्यांत एकच मनुष्य दिसतो. होडी दिसलीच तर कडेला थोडीशी, व होडींतील माणसें तर बहुधा दिसतच नाहींत. आमचें म्हणणें असें आहे कीं, या खेळाचीं साधनें विवेकानें व योग्य क्रमानें घ्यावीं. आणि दोरीच्या दुसऱ्या टोंकास जीं माणसें बसलेलीं असतात त्यांचें मोल सर्व साधनांहून अधिक समजावें. ज्यास हें समजलें तो थोड्या खर्चांत चांगला खेळाडू होऊं शकतो. ज्यास समजलें नाहीं तो पुष्कळ पैसा खर्चूनहि पाण्यांत पडत राहतो, व कधीं कधीं हातपाय मोडून घेतो.

या खेळाचा आरंभच या मताचा साक्षी आहे. अमेरिकेंतील मिनेसोटा राज्याच्या सीमेवर मिसिसिपी नदीचें पात्र रुंद होऊन पेपिन नांवाचें सरोवर झालें आहे. त्याच्या कांठीं लेक सिटी हें लहानसें गांव आहे. तेथील राल्फ सॅम्युएलसन या अठरा वर्षांच्या तरुणाच्या मनांत आलें कीं, बर्फावर स्कीनें घसरतां येतें, तर पाण्यावर कां येऊं नये? त्यानें प्रथम पिंपाच्या फळ्या पायांस बांधून पाहिल्या. त्या उपयोगी पडल्या नाहींत. मग बर्फावरच्या स्की बांधून पाहिल्या. त्यांनींहि निराशाच केली. शेवटीं त्यानें पाइन लांकडाच्या दोन फळ्या आणल्या. प्रत्येक फळी आठ फूट लांब व नऊ इंच रुंद होती. आईच्या कपडे उकळण्याच्या भांड्यांत त्यांचीं टोंकें उकळून त्यानें मऊ केलीं व वर वळविलीं. पाय अडकविण्यास चामड्याचे पट्टे ठोकले. खिडकीच्या तावदानांस लावतात तसली दोरी घेतली, आणि मूठ म्हणून लोहाराकडून एक लोखंडी कडें करून घेतलें. त्याचा भाऊ बेन होडी हांकीत असे. कित्येक प्रयत्न फसले. शेवटीं ता. २ जुलै १९२२ रोजीं राल्फच्या ध्यानांत आलें कीं, शरीर मागें झुकवून स्कीचीं टोंकें पाण्याबाहेर ठेवलीं म्हणजे फळी पाण्यावर चढते. त्या दिवशीं तो पाण्यावर उभा राहिला. पुढें १९२५ मध्यें त्यानें चरबी फांसलेल्या तिरप्या तक्त्यावरून उडीहि मारून दाखविली.

यांतील दोन गोष्टी विद्यार्थ्यांनीं ध्यानांत धराव्या. पहिली ही कीं, फळ्या मिळाल्यानें काम भागलें नाहीं. उभें राहण्याची रीत सांपडली तेव्हां भागलें. दुसरी ही कीं, राल्फ पुन्हां पुन्हां पडत असतांना कोणी तरी होडी वळवून त्याच्याजवळ पुन्हां पुन्हां दोरी आणून देत होता. राल्फनें आपल्या युक्तीचें पेटंट घेतलें नाहीं. १९२५ मध्यें फ्रेड वॉलर नांवाच्या गृहस्थानें पाण्यावरील स्कीचें पेटंट मिळविलें, आणि राल्फ बराच काळ विस्मृतींत राहिला. १९६६ मध्यें अमेरिकेंतील वॉटर स्की संघानें त्यास या खेळाचा आद्य खेळाडू म्हणून मान्यता दिली. तो १९७७ मध्यें वारला. राल्फचें नांव अशा रीतीनें उशिरां कां होईना, पण लोकांपुढें आलें. बेनचें नांव मात्र क्वचितच कोणी घेतो.

हा खेळ सामन्यांच्या रूपास आला तो १९३९ मध्यें. त्या वर्षीं अमेरिकेंत या खेळाचा राष्ट्रीय संघ स्थापन झाला, आणि न्यूयॉर्कजवळ जोन्स बीच येथें पहिले राष्ट्रीय सामने झाले. जगांतील पहिले अजिंक्यपदाचे सामने १९४९ मध्यें फ्रान्समधील जुआं-ले-पां या समुद्रकांठच्या गांवीं भरले. १९७२ च्या म्यूनिक ऑलिंपिकमध्यें हा खेळ प्रदर्शनापुरता घेतला गेला होता. पदकांच्या खेळांत त्यास अजून स्थान मिळालेलें नाहीं. सामन्यांत मुख्यतः तीन प्रकार असतात. साधनांविषयीं कांहीं सांगण्यापूर्वीं त्या तिन्ही प्रकारांची थोडक्यांत ओळख करून देणें अवश्य आहे. कारण काम ठाऊक नसतां हत्यार निवडणें व्यर्थ होय.

पहिला प्रकार स्लॅलम. यांत पाण्यावर २५९ मीटर लांबीचा मार्ग आंखलेला असतो. होडी मधल्या रेषेनें सरळ जाते, आणि खेळाडूनें एकाच स्कीवर उभें राहून डावीकडे-उजवीकडे ठेवलेल्या सहा बोयांना बाहेरून वळसे घालावयाचे असतात. प्रत्येक बोया मधल्या रेषेपासून ११.५ मीटर दूर असतो. वरिष्ठ पुरुषांच्या सामन्यांत होडीचा वेग तासास ५८ किलोमीटर व स्त्रियांच्या सामन्यांत ५५ किलोमीटरपर्यंत असतो; म्हणजे पुरुष खेळाडूचा सारा मार्ग सुमारें सोळा सेकंदांत संपतो, आणि एका बोयापासून दुसऱ्या बोयापर्यंत त्यास अडीच सेकंदांहून थोडाच अधिक वेळ मिळतो. सहाहि बोये साधले म्हणजे सामान्यतः वेग ठराविक मर्यादेपर्यंत वाढवितात, आणि मर्यादा गांठल्यावर दोरी आंखूड करीत जातात.

ही दोरीच या प्रकाराची खरी परीक्षक होय. ती कोठें कोठें आंखूड करावयाची याच्या खुणा रंगांनीं केलेल्या असतात: तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा आणि जांभळा. ‘तानापिहिनिपाजा’ पाठ केलेल्या आमच्या विद्यार्थ्यांस हा क्रम वेगळा शिकवावयास नको. पारवा तेवढा गाळावा म्हणजे झालें. तांबड्या खुणेवर दोरी १८.२५ मीटर असते. मग अनुक्रमें १६, १४.२५, १३ व १२ मीटर होते. आणि जांभळ्या खुणेवर ती ११.२५ मीटर राहते. येथें गणिताची आवड असलेल्या विद्यार्थ्यानें थोडें थांबावें. बोया ११.५ मीटर दूर, आणि दोरी ११.२५ मीटर! दोरी बोयापर्यंत पोंचतच नाहीं. उरलेलें अंतर खेळाडूनें आपल्या लांबविलेल्या हातानें व पाण्यावर झुकविलेल्या देहानें भरून काढावयाचें असतें. जगांतील अगदीं निवडक खेळाडूंनीं ९.७५ मीटर दोरीवरहि कांहीं बोये साधलेले आहेत. जेथें दोरी संपते तेथें माणूस सुरू होतो, आणि साधनाची मर्यादा कोठें आहे हें याहून स्पष्ट दाखविणारें उदाहरण आम्हांस दुसरें सुचत नाहीं.

दुसरा प्रकार करामतींचा. यांत आंखूड, रुंद व तळाशीं गुळगुळीत अशी स्की असते. वीस सेकंदांच्या दोन फेऱ्यांत खेळाडूनें गिरक्या, उड्या, कोलांट्या करून दाखवावयाच्या. प्रत्येक करामतीचे गुण ठरलेले असतात, आणि तीच करामत पुन्हां केली तर तिचे गुण पुन्हां मिळत नाहींत. तिसरा प्रकार उडीचा. दोन लांब स्की पायांत घालून तिरप्या तक्त्यावरून उडावयाचें, व जो दूर जाऊन पाण्यावर नीट उतरेल तो श्रेष्ठ. प्रत्येकास तीन उड्या मिळतात. उत्तम खेळाडू ७० मीटरांहूनहि दूर जातात. या प्रकारांत डोक्यास शिरस्त्राण घातल्यावांचून कोणास पाण्यावर जाऊं देत नाहींत, आणि तें योग्यच आहे.

आतां साधनें. नवशिक्याचा क्रम बहुधा असा असतो: प्रथम झगझगीत स्की, मग हातमोजे, मग अंगाला घट्ट बसणारा पोशाख, आणि सर्वांत शेवटीं, पैसे उरले तर, तरंगण्याचें जाकीट. आमच्या मतें हा क्रम नेमका उलटा असावा. पहिला पैसा जाकिटावर खर्च करावा. जाकीट घालून बंद आवळल्यावर दुसऱ्या कोणास तें खांद्यांशीं धरून वर ओढण्यास सांगावें. तें हनुवटीच्या वर सरकलें तर तें मोठें आहे असें समजून परत करावें. ‘मूल वाढतें आहे, पुढच्या वर्षीं बरोबर बसेल,’ हा हिशेब शाळेच्या गणवेशास शोभतो; पाण्यांतील जाकिटास शोभत नाहीं. सामन्यांतील पट्टीच्या खेळाडूंचीं जाकिटें पातळ असतात, व त्यांतील कांहींचा उद्देश मार सोसण्याचा असतो. त्यांचें अनुकरण नवशिक्यानें करूं नये. किती वजनाच्या माणसास तें तरंगत ठेवील हें जाकिटावरील पट्टींत वाचून मगच तें घ्यावें. आपल्याकडे धरणाच्या जलाशयावर किंवा खाडींत होडीनें सहलीस जाणाऱ्या कुटुंबांसहि हा नियम जशाचा तसा लागू आहे.

दुसरें स्थान दोरीचें. दोरी पाण्यांत जाण्यापूर्वीं प्रत्येक वेळीं हातांतून सरकवून पाहावी. धागे सुटलेली, उन्हानें कडक झालेली किंवा मध्यें गांठ पडलेली दोरी टाकून द्यावी. गांठीनें दोरीचें बळ कमी होतें. फुगविलेल्या रबरी नळ्यांवर बसून ओढून घेण्याची दोरी वेगळी, व स्लॅलमची वेगळी. दुसरी ताणली जाऊन फारशी लांबत नाहीं, म्हणून एकीचें काम दुसरीकडून घेऊं नये. दोरी हातास, मनगटास किंवा कमरेस कधींहि गुंडाळूं नये. मुठीच्या त्रिकोणांतून हात किंवा डोकें घालूं नये. पडतांना मूठ सोडून देणें ही या खेळांतील पहिली विद्या होय.

तिसरें स्थान बुटांचें. स्कीवर बसविलेले बूट असे असावे कीं चालत्या वेळीं पाय हलूं नये, पण पडतांना मात्र तो निसटावा. सैल बुटांतून पाय भलत्या वेळीं निघतो. फार घट्ट बुटांतून निघावयाचा तेव्हां निघत नाहीं. दोन्ही पाय एकाच स्कीवर असतांना एक निसटून दुसरा अडकला तर घोट्यास मोठी इजा होण्याचा संभव असतो. म्हणून बूट विकत घेतांना दुकानदाराच्या स्तुतीपेक्षां अनुभवी खेळाडूचा सल्ला घ्यावा, आणि स्क्रू ढिले झाले नाहींत ना, हें दर खेपेस पाहावें.

या सर्वांनंतर स्कीचा विचार. प्रथम शिकणाऱ्यानें दोन रुंद स्कींवरच शिकावें; लहान मुलांसाठीं त्यांचीं पुढचीं टोंकें आडव्या दांडीनें जोडलेल्या जोड्या मिळतात, त्यामुळें पाय फांकत नाहींत. एका स्कीवर जाण्याची तयारी झाली म्हणजे स्कीची लांबी आपलें वजन व होडीचा वेग पाहून ठरवावी. हळू वेगास थोडी रुंद स्की सोयीची. ती पाण्यावर लवकर चढते. नवी उंची स्की फार महाग पडते. पण खेळाडूंचें वळण असें आहे कीं नवी निघाली म्हणजे जुनी विकावी, म्हणून थोडी वापरलेली चांगली स्की पुष्कळ स्वस्त मिळते. ती घेतांना कडा चिरल्या आहेत काय, पृष्ठभाग दाबला असतां कोठें मऊ लागतो काय, आणि स्क्रूंचीं भोंकें ढिलीं आहेत काय, एवढें नीट पाहावें. रंग उडालेला असला तर तिकडे लक्ष देऊं नये; पाणी रंग पाहत नाहीं.

स्कीच्या शेपटाखालीं माशाच्या परासारखें धातूचें एक पातें असतें. तें थोडें मागें-पुढें किंवा खोल-उथळ केलें म्हणजे स्कीचें वळणें बदलतें. ही मोजणी एका इंचाच्या हजाराव्या भागापर्यंत करतात, यावरून तिची सूक्ष्मता कळेल. येथेंच पुष्कळ तरुणांची फसगत होते. सकाळीं दोन वळसे चुकले कीं दुपारीं पातें सरकविलें. संध्याकाळीं पुन्हां चुकले कीं बूट अर्धें भोंक पुढें घेतले. आणि दुसऱ्या दिवशीं मूळची मापें काय होतीं याचा पत्ताच नाहीं! आमचा सल्ला असा कीं, एक वही ठेवावी. बनविणाऱ्यानें दिलेलीं मूळ मापें पहिल्या पानावर लिहावीं. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, ती लिहून ठेवावी, निदान पांचसहा फेऱ्या तिच्यावर कराव्या, आणि गुण न आल्यास मूळ मापांवर परत यावें. शाळेच्या प्रयोगशाळेंत आम्ही हेंच शिकवितों: दोन गोष्टी एकदम बदलल्या तर फरक कशानें पडला हें सांगतां येत नाहीं. हा नियम नुसता परीक्षेपुरता नाहीं.

यावर कोणी असा आक्षेप घेईल कीं, ‘उत्तम साधनावांचून उत्तम खेळाडू झाल्याचें आम्हीं ऐकिलें नाहीं. आज जे विक्रम होतात ते नव्या स्कींमुळेंच होतात. राल्फच्या लांकडी फळ्यांवर कोणी ते करून दाखवील काय?’ आक्षेप अगदींच निराधार नाहीं. लांकडाच्या जागीं कार्बनच्या तंतूंच्या हलक्या व ताठ स्की आल्या नसत्या, तर आजच्या इतक्या आंखूड दोरीवर कोणी वळूं शकला नसता, हें आम्ही मान्य करतों. परंतु ज्यास तांबड्या खुणेवर सहा बोये घेतां येत नाहींत, त्यास जांभळ्या खुणेच्या खेळाडूची स्की देऊन काय लाभ? ती ताठ व वेगवान असल्यामुळें त्याची चूक झांकीत तर नाहींच, उलट वाढविते. साधन विद्येच्या एक पाऊल पुढें असावें, दहा पावलें नसावें. पाटीवर अक्षर वळलें नाहीं त्यास सोन्याच्या निबाची लेखणी दिली, तर शाईचे डाग तेवढे महाग होतात.

परंतु साधनांविषयीं एवढें लिहूनहि आमच्या मतें मुख्य विषयास अजून हात लागलेला नाहीं. तो विषय दोरीच्या दुसऱ्या टोंकाचा. धांवणारा एकटा धांवूं शकतो. पोहणाऱ्यानें एकट्यानें पोहूं नये, तरी त्यास तें शक्य असतें. पाण्यावरील स्कीचा खेळ मात्र एकट्यानें होतच नाहीं. होडी चालविणारा एक हवा; आणि चालकाचे डोळे पुढें असल्यामुळें खेळाडूवर नजर ठेवणारा दुसरा निरीक्षक हवा. अमेरिकेच्या पुष्कळ राज्यांत याविषयीं कायदेहि आहेत. होडीचा आवाज मोठा असल्यानें खेळाडू व निरीक्षक हे खुणांनीं बोलतात. अंगठा वर म्हणजे वेग वाढवा. अंगठा खालीं म्हणजे कमी करा. डोक्यावर थाप मारली म्हणजे धक्क्याकडे परत चला. गळ्यावरून आडवा हात फिरविला म्हणजे यंत्र बंद करा. पडल्यावर दोन्ही हात डोक्यावर जोडून दाखविले म्हणजे आपण सुखरूप आहों. ही शेवटची खूण जो करीत नाहीं तो खेळाडू, कितीहि कुशल असला तरी, आम्ही असभ्य समजतों. कारण होडींत कोणी तरी श्वास रोखून त्याच्याकडे पाहत असतो. आणि खेळाडू होडीवर चढत असतांना यंत्र पूर्णपणें बंद असलेंच पाहिजे. पाण्याखालील पंखा मित्र ओळखीत नाहीं.

करामतींच्या प्रकारांत तर हा विश्वास पराकोटीस पोंचतो. कांहीं करामतींत खेळाडू मूठ हातीं न धरतां दोरीच्या फांसांत एक पाय अडकवितो व दुसऱ्या पायावर गिरक्या घेतो. तो पडला तर पाय लगेच सुटेल याची खात्री नसते. म्हणून होडींत एक मनुष्य दोरी सोडण्याच्या कळीवर हात ठेवून बसलेला असतो. खेळाडूचा तोल गेला कीं त्या क्षणीं त्यानें कळ ओढून दोरी होडीपासून मोकळी करावयाची असते. उशीर झाला तर खेळाडूचा गुडघा जावयाचा. घाई झाली तर चांगली चाललेली फेरी वायां जावयाची. त्या वीस सेकंदांत पापणी न लवतां बसणाऱ्या या माणसास पदक मिळत नाहीं, टाळ्या मिळत नाहींत. तरी खेळाडूचा पाय त्याच्या हातीं असतो.

सामन्यांतील चालकाची कसोटी आणखी निराळी. आज वेग सम ठेवण्यास उपग्रहांच्या साहाय्यानें चालणारें यंत्र होडीवर असतें. तरी होडी मधल्या रेषेवर काटेकोर ठेवणें हें चालकाचें काम. होडी किंचित् एका बाजूस सरकली तर एका बाजूचे बोये सोपे व दुसऱ्या बाजूचे कठीण होतात. आतां पाहा, या खेळांतील चालक व पंच हे बहुधा स्वतः खेळाडूच असतात. पायरीपायरीनें शिकून व परीक्षा देऊन ते ही पात्रता मिळवितात, आणि पुष्कळ जण वेतनावांचून हें काम करतात. सकाळीं ज्याच्याशीं चुरस करावयाची, त्यालाच दुपारीं आपल्या होडीच्या मागें, केसभरहि न ढळतां, उत्तम रीतीनें ओढून न्यावयाचें! प्रतिस्पर्ध्यास चांगली संधि देणें हें ज्या खेळांत नुसतें सौजन्य नसून रोजचें काम आहे, त्या खेळापासून शिकण्यासारखें पुष्कळ आहे असें आम्हांस वाटतें. येथें दहा वर्षांच्या आंतील मुलांपासून ऐंशी ओलांडलेल्या वृद्धांपर्यंत सर्वांसाठीं वयाप्रमाणें गट असतात. त्यामुळें आजोबा, वडील व नातू एकाच सामन्यांत, एकाच धक्क्यावरून पाण्यावर जाऊं शकतात.

तथापि या मंडळीची नुसती स्तुति करणें हा आमचा हेतु नाहीं. सामन्यांस योग्य अशी नवी होडी आज एक लक्ष डॉलरांहून अधिक किंमतीस जाते; शांत पाणी हवें म्हणून पुष्कळ खेळाडू खासगी तळीं खणून त्यांवरच खेळतात. याचा परिणाम असा होतो कीं, सार्वजनिक सरोवराच्या कांठीं उभें राहून हा खेळ पाहणारें व ‘मलाहि येईल काय?’ असें विचारणारें मूल त्यास पाहूंच शकत नाहीं. ज्या खेळाचा जन्म एका सामान्य घरांतील फळ्या, आईचें भांडें व भावाची मदत यांतून झाला, तो खेळ कुंपणाआड जावा ही खेदाची गोष्ट आहे. यावर उपाय पैशाचा नाहीं, रीतीचा आहे. अमेरिकेंतील महाविद्यालयांच्या संघांत ही रीत आढळते: एक होडी, थोड्या स्की, पुष्कळ विद्यार्थी, पाळीपाळीनें खेळावयाचें व पाळीपाळीनें होडींत बसावयाचें. प्रत्येक मंडळीनें असा नियम करावा कीं, जो एक फेरी खेळेल त्यानें एक फेरी दुसऱ्यासाठीं निरीक्षक म्हणून बसावें; जुनी स्की कोपऱ्यांत न ठेवतां नवशिक्यास द्यावी; आणि दर महिन्यास निदान एक दिवस नव्या मुलांसाठीं राखावा. खर्च वांटला म्हणजे तो हलका होतो, आणि ज्ञान वांटलें म्हणजे तें वाढतें.

पालकांस आमची विनंति अशी. तुमचें मूल किंवा परदेशीं शिकावयास गेलेला तुमचा भाचा-पुतण्या या खेळाविषयीं लिहूं लागला, तर ‘कोणती स्की घेतलीस?’ असें न विचारतां ‘होडी कोण चालवितो, आणि तूं कोणासाठीं निरीक्षक म्हणून बसलास?’ असें विचारा. पहिल्या प्रश्नाच्या उत्तरांत दुकानाचें नांव येईल. दुसऱ्याच्या उत्तरांत त्याची संगत कळेल. आणि मूल कोणताहि खेळ खेळत असो, साधनासाठीं हट्ट धरून बसलें तर, जें साधन त्याच्याजवळ आहे त्याची निगा तें कशी राखतें तें आधीं पाहा. ज्याच्या बॅटीस तेल नाहीं व सायकलीच्या साखळीस गंज आहे, त्यास नवी वस्तु देणें म्हणजे गंज चढविण्यास आणखी लोखंड देणें होय.

विद्यार्थ्यांनो, तुमच्यांपैकीं फार थोड्यांस पाण्यावरील स्की पायांत घालण्याचा योग येईल. परंतु दोरी प्रत्येकाच्या हातांत आहे. तुमची शाळेची फी भरणारे वडील, पहांटे उठून डबा करणारी आई, चुकलेलें गणित चौथ्यांदां समजावून देणारे शिक्षक, आणि आजारीपणांत तुमची वही पुरी करून देणारा मित्र हीं सारीं त्या दोरीच्या दुसऱ्या टोंकास आहेत. निकालाच्या दिवशीं लोकांस एकटे तुम्हीच दिसतां. त्या दिवशीं, पडलां असाल किंवा तरलां असाल, हात वर करून त्यांस एवढें अवश्य कळवा कीं आपण सुखरूप आहों. आणि दुसऱ्या दिवशीं कोणाची तरी होडी चालविण्यास आपण होऊन जा.